उन्हाळ्यात निंबू हवं? मग सप्टेंबरात कुंडी तहानलेली ठेवा

आजचा भाग निंबूवर. हो, पुण्यात लिंबू, आमच्या नागपुरात निंबूच.

एप्रिल २०२२ आठवतो? एक निंबू दहा रुपयांना, आणि बाहेर अंग भाजणारं ऊन. आपल्याला सरबत हवं तेव्हाच ते महाग का होतं? कारण कागदी लिंबाला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तो आंबिया बहार. त्याची फळं निघतात पावसाळ्यात. उन्हाळ्याचं फळ हवं तर ऑक्टोबरच्या आसपास फुलं यायला हवीत, म्हणजे हस्त बहार. त्यासाठी आधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हा पाऊस सुरू असतो. शेतकरी आभाळ कसं झाकणार? पण आपली कुंडी उचलता येते ना! सप्टेंबरात ती पत्र्याखाली, पण उन्हाच्या बाजूला सरकवा, पाणी तोडा. पानं मलूल झाली की शेणखत आणि हळूहळू पाणी. रोप मात्र कलमाचं किंवा वाढलेलं घ्या, बी लावली तर चार-पाच वर्षं थांबा.

कुंडी नसेल तर पावसाळ्यात स्वस्त निंबू आणून रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. अख्खी निंबं फ्रिजमध्ये बंद डब्यात, उघडी ठेवली की साल वाळते.

तेही संपलं? वरणात आमसूल, सरबताला चिमूटभर लिंबूसत्व, पोह्यावर किसलेली कैरी. तर्री पोह्यावर चिंचेचं पाणी मात्र नको. मी एकदा घातलं होतं, घरचे अजून ऐकवतात.