येऊं घातलेली स्वस्त विजेची मोटार

बाजाराच्या दिवशीं सिहोऱ्याच्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे वाहनांचा सगळा इतिहासच डोळ्यांपुढून जातो. बैलगाडी अजून अगदींच नाहींशी झालेली नाहीं. तिच्या शेजारून ट्रॅक्टर जातो, फटफट्या जातात, आणि अलीकडे मुळींच आवाज न करतां जाणारी विजेची रिक्षाही जाते. परंतु ह्या सर्वांत मनास चटका लावणारें दृश्य एकच : एका फटफटीवर बाप, मागें आई, मध्यें दोन लेंकरें, आणि वरून धो धो पाऊस. असेंच दृश्य पाहून रतन टाटा ह्यांच्या मनांत स्वस्त मोटारीची कल्पना आली, असें त्यांनींच सांगितलें होतें. त्या कल्पनेंतून निघालेली नॅनो मोटार जानेवारी २००८ मध्यें दिल्लीस लोकांपुढें आली. तिचें उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबलें. पण जो प्रश्न तिनें विचारला तो तसाच उभा आहे. आतां तो विजेच्या मोटारीस विचारला जात आहे. सामान्य कुटुंबास परवडणारी विजेची मोटार आली, तर ती घडणीनें कशी असेल ? ह्याविषयीं आम्ही येथें कांहीं अनुमानें मांडीत आहों.

अनुमान म्हणजे निव्वळ कल्पना नव्हे. त्यास आधार लागतो. तो आधार असा : कोणत्याही मोटारींत तीन मुख्य गोष्टी असतात, शक्तीचा सांठा, चाकें फिरविणारें यंत्र, आणि माणसें बसविणारा सांगाडा. पेट्रोलच्या मोटारींत सांठा स्वस्त असतो, कारण ती केवळ पत्र्याची अथवा प्लॅस्टिकची टाकी असते; पण यंत्र गुंतागुंतीचें असतें. विजेच्या मोटारींत नेमकें ह्याच्या उलट आहे. तिचें यंत्र, म्हणजे विजेची मोटर, साधें असतें. त्यास गिअर बदलण्याची खटपट नाहीं, धूर सोडणारी नळी नाहीं. महाग असते ती बॅटरी. म्हणून स्वस्त विजेची मोटार आंखणाऱ्या कारागिराचा पहिला प्रश्न हाच असतो कीं, कमींत कमी किती बॅटरींत काम भागेल ?

हा हिशेब आपण आपल्या गांवापुरता करून पाहूं. अगदीं लहान व हलकी मोटार एका युनिट विजेंत सुमारें १० किलोमीटर जाते. तेव्हां तुमसरास जाऊन येण्यास तीन-चार युनिटें, आणि भंडाऱ्यास जाऊन येण्यास सुमारें दहा युनिटें पुरावींत. नागपूर मात्र शंभर किलोमीटरांच्या वर आहे. तेथें पोंचतां येईल, पण परतण्यापूर्वीं बॅटरी पुन्हां भरावी लागेल. म्हणजे बारा युनिटांची बॅटरी ग्रामीण कुटुंबाच्या नित्याच्या कामास पुरेशी झाली. एक युनिट सांठविणाऱ्या बॅटरीचें वजन साधारणतः आठ किलो धरलें, तर ही बॅटरी शंभर किलोंच्या आसपास जाते. चाळीस किलोंच्या पोत्यांत भरलेल्या धानाचीं तीं अडीच पोतीं झालीं !

हीं अडीच पोतीं ठेवावयाचीं कोठें ? गाडीवानाच्या मुलास हें विचारण्याची गरज नाहीं. जड माल तळाशीं आणि हलका वर, नाहीं तर वळणावर गाडी उलटते, हें तो लहानपणींच शिकतो. म्हणूनच हल्लींच्या बहुतेक विजेच्या मोटारींत बॅटरी बैठकांच्या खालीं, तळाशीं पसरलेली असते. परंतु आमच्याकडे एक अडचण उत्पन्न होते. श्रावणांत रपट्यावरून पाणी वाहतें, आणि शेताकडील वाटा धुऱ्याबांधांवरून जातात. तेव्हां तळ जमिनीपासून पुरेसा उंच असावयास पाहिजे, बॅटरीची पेटी जलाभेद्य पाहिजे, आणि तिच्या खालीं दगडाचा मार सोसणारा पत्रा पाहिजे. शहरासाठीं आंखलेली मोटार जशीच्या तशी खेड्यांत चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें तें ह्याच कारणानें.

आतां आकाराविषयीं. वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून लांबच्या पल्ल्याच्या वेगवान मोटारी माशासारख्या निमुळत्या करतात. परंतु जिचा वेग तासास ५०-६० किलोमीटरांच्या आंतच राहणार, तिला हवेपेक्षां स्वतःच्या वजनाचीच अधिक काळजी. तेव्हां स्वस्त मोटार आंखूड, अरुंद आणि उंच असावी, म्हणजे थोड्या जागेंत माणसें ताठ बसतील, हें अनुमान सयुक्तिक दिसतें.

ह्या अनुमानास एक उदाहरणही आहे. पुण्याच्या वायवे मोबिलिटी ह्या कंपनीनें ‘ईव्हा’ नांवाची चिमुकली मोटार आधीं २०२३ च्या वाहन-प्रदर्शनांत मांडली व जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत तिच्या किंमती जाहीर केल्या. बॅटरी भाड्यानें घेतल्यास किंमत ३ लाख २५ हजार रुपयांपासून पुढें, अशी ती घोषणा होती. तींत चालक एकटा पुढें बसतो आणि त्याच्या मागें एक प्रौढ व एक मूल. बॅटऱ्या तीन आकारांच्या सांगितल्या. सर्वांत लहान ९ युनिटांची आणि सर्वांत मोठी १८ युनिटांची. बॅटरीची किंमत मोटारीपासून वेगळी काढून ती चाललेल्या किलोमीटरांप्रमाणें घ्यावयाची, ही युक्ति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण महाग भाग कोणता, हें त्यावरून स्पष्ट दिसतें.

त्या मोटारीच्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारा पत्रा बसविण्याची सोय आहे. “मग वीज फुकटच कीं !” असें कोणी विद्यार्थी म्हणेल. त्यानें हा हिशेब करावा. भर दुपारीं एक चौरस मीटर जागेवर सुमारें एक हजार वॅट सूर्यशक्ति पडते. तिचा सुमारें पांचवा हिस्सा विजेंत उतरतो, म्हणजे २०० वॅट. असें पांच तास चाललें तर दिवसास एक युनिट, म्हणजे दहा किलोमीटर. हें थोडें नाहीं; पण ह्यावर नागपूर गांठतां येणार नाहीं, आणि पावसाळ्यांत तर त्याहूनही कमी मिळेल. सूर्य हा चांगला साहाय्यक आहे. सगळा भार मात्र त्याच्यावर टाकूं नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. वैशाखांत आमच्या भागांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण. ज्या लिथियम बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तिचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीं लोह व फॉस्फेट वापरणारा प्रकार उष्णता अधिक सोसतो, आणि त्यास कोबाल्ट व निकेल ह्या महाग धातु लागत नाहींत. स्वस्त मोटारींत तोच असण्याचा संभव अधिक. त्यांत मँगनीज मिसळून शक्ति वाढविण्याचे प्रयोगही चालूं आहेत. मँगनीज म्हटल्यावर आमच्या वाचकांचे कान टंवकारतील, कारण ह्याच तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीचें मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या कोरड्या बॅटऱ्यांसाठीं जात आलें आहे. खाणींतला दगड शुद्ध केल्यावांचून मोटारीच्या बॅटरींत चालत नाहीं हें खरें. पण तो शुद्ध करण्याची विद्या आमच्या मुलांनीं शिकूं नये असें कोठें आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्वस्ताई कोठें करावी आणि कोठें करूं नये ? नॅनोच्या कारागिरांनीं चाकांस चाराऐवजीं तीन नट लावले, दोहोंऐवजीं एकच पाणीपुसणी ठेवली. ही काटकसर चतुराईची होती. परंतु २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें घेतलेल्या टक्कर-परीक्षेंत प्रौढांच्या रक्षणाबद्दल त्या मोटारीस एकही तारा मिळाला नाहीं. ह्यावरून बोध असा कीं, मोठा पडदा, गुळगुळीत गाद्या, रुंद चाकें ह्यांत खुशाल काटछाट करावी. पण मजबूत सांगाडा, चांगला ब्रेक, कमरपट्टा आणि बॅटरीची सुरक्षितता ह्यांत एका पैशाचीही करूं नये. पावसांत भिजणाऱ्या लेंकरांसाठीं मोटार करावयाची आणि तींत तीं लेंकरेंच सुरक्षित नसावींत, हें उचित नव्हे.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एक लहानसें काम सुचवून हा लेख पुरा करतों. एक आठवडाभर आपल्या घरचीं माणसें रोज कोठें व किती किलोमीटर गेलीं, बरोबर किती ओझें होतें, हें वहींत लिहावें. मग दहानें भागून युनिटें काढावींत आणि हा हिशेब वडिलांस दाखवावा. उद्यां एखादा विक्रेता दारीं येऊन मोठमोठे आंकडे सांगूं लागला, तर खरी गरज किती व भपका किती, हें त्या वहीवरून घरच्या मंडळींस कळेल. आणि पुढें-मागें ती मोटार आंखणारा कारागीर तुमच्यांतूनच निघाला, तर त्याच्या पहिल्या नकाशाचें टिपणही त्याच वहींत सांपडेल.