लव्हाळ्याच्या गाठीतलं अत्तर

मुदखेडचं नाव काढलं की नांदेडकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. आदिलाबादचा फाटा जिथून फुटतो ते जंक्शन, आणि फुलं. मोगरा, गुलाब, गलांडा, शेवंती. पहाटे तोडायची आणि ऊन चढायच्या आत बाजाराला लावायची. मी गेलो होतो ते फुलांसाठीच. परतताना मात्र रुमालात वीस-पंचवीस काळ्या, केसाळ गाठी बांधून आणल्या.

झालं असं की मोगऱ्यात खुरपणाऱ्या एका मावशींनी माझ्यासमोर एक गवत उपटलं. पात्या हातात आल्या, खालची गाठ जमिनीतच राहिली. "हे असंच बघा. वरचं येतं, खालचं ऱ्हातं. आठ दिवसांत पुन्हा डोकं वर." मग त्यांनी खुरप्याने वीतभर उकरलं आणि आख्खी माळच वर काढली. दोऱ्यासारख्या मुळात ओवलेल्या चार गाठी, शेंगदाण्याएवढ्या. मी एक नखाने सोलली. आत पांढुरका गर. नाकाशी नेली तर आधी कापरासारखं काहीतरी, मग ओली माती, आणि सगळ्यात शेवटी जुन्या लाकडी पेटीचा वास. मावशी हसायला लागल्या. "भाऊ, एवढा मोगरा सोडून ह्याचा वास घेता व्हय?"

हा लव्हाळा. हराळी आणि कुंदा यांच्या जोडीने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने सर्वांत जास्त शिव्या दिल्या असतील त्या यालाच. हळद असो, ऊस असो, केळी असो, पाणी दिलं की पिकाआधी हा वर येतो. 1977 साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या वाईटातल्या वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात पहिला क्रमांक याचाच होता. नव्वदहून अधिक देश आणि 52 पिकं याने गाठलेली. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचा दाखला केलं खरं, पण ते पुराच्या पाण्यात वाकणारं, नदीकाठचं. शेतातल्या लव्हाळ्याची नम्रता खुरपणाऱ्या बाईला विचारावी.

शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस, संस्कृतात मुस्ता किंवा मुस्तक. वैद्य याला मोथा म्हणतात आणि इथेच घोटाळा सुरू होतो. काष्ठौषधीच्या दुकानात 'नागरमोथा' मागितला की जे मिळतं ते पुष्कळदा याच्या भावकीतलं, सायपेरस स्कॅरिओसस. ते मध्य प्रदेशाकडच्या पाणथळ जागेत वाढतं. अत्तरवाल्यांच्या व्यापारातलं नागरमोथ्याचं तेल, ज्याला परदेशात 'सिप्रिओल' म्हणतात, ते मुख्यतः त्याचंच. आपल्या बांधावरच्या गाठीतूनही तेल निघतं, वासही त्याच घराण्यातला. पण बाटलीवर कोणतं नाव आहे ते वाचून घ्यावं.

घरात ही गाठ आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या उटण्यात वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद यांच्या बरोबरीने नागरमोथा असतो. अभ्यंगाच्या पहाटे न्हाणीघरात जो ओळखीचा, जरासा मातकट वास दाटतो त्यात याचा वाटा मोठा. शिकेकाईच्या मसाल्यात तो असतो, उदबत्तीत असतो. चरकाने पचनाच्या आणि अतिसाराच्या औषधांत मुस्त्याला अग्रमान दिला. तापातल्या तहानेसाठी षडंगोदक सांगितलंय, म्हणजे मोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून निम्मं उरेपर्यंत उकळलेलं पाणी. मोठ्या माणसांच्या तोंडी अजूनही मुस्तकारिष्टाचं नाव असतं.

रानडुकरांना मात्र वैद्याची चिठ्ठी लागत नाही. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो आणि म्हणतो, डबक्यातला मुस्ता उकरू देत डुकरांना निवांत. कालिदासाचं निरीक्षण पक्कं होतं. भोकर-मुदखेड भागातल्या शेतकऱ्याला ते वाचून दाखवलं तर तो म्हणेल, राजाचं काय जातंय सांगायला, डुकरं लव्हाळ्यासाठी येतात आणि जाताना हळद उलथून जातात.

या गाठीची खरी मोठी गोष्ट पुण्यात घडली आणि तिची फारशी कुणाला खबर नाही. 1960च्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुखदेव आणि त्यांचे सहकारी आपल्या मातीतल्या सुगंधी तेलांची रचना उलगडत होते. लव्हाळ्याच्या तेलातून त्यांना एक संयुग मिळालं. संस्कृत नावाची आठवण ठेवून त्याला 'मुस्टाकोन' म्हटलं गेलं. 1967 साली आणखी एकाची नोंद झाली, ते 'रोटुंडोन'. पुढे चाळीस वर्षं ते शोधनिबंधातच पडून राहिलं. मग 2008 साली ऑस्ट्रेलियातले वाइन-शास्त्रज्ञ शिराझ द्राक्षांच्या वाइनला येणाऱ्या मिरीच्या वासाचा माग काढत निघाले आणि थेट रोटुंडोनपाशी येऊन थांबले. काळ्या मिरीचा मिरीपणाही त्याचाच. पाण्यात लिटरमागे अवघे आठ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. हिशेब केला तर एक ग्रॅम साडेबारा कोटी लिटर पाण्याला पुरेल. गंमत अशी की चाचणीतल्या दर पाचांतल्या एकाला, प्रमाण भरपूर वाढवलं तरी, हा वास आलाच नाही.

आता तेलाकडे. वाळलेल्या शंभर किलो गाठींतून हाती लागतं अर्धा ते एक किलो तेल, तांबूस-तपकिरी, घट्टसर. आधी गाठी खणायच्या, वेचायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, वरचे केस जाळून किंवा चोळून काढायचे, मग भरडायच्या आणि वाफेवर धरायच्या. फुलातला वास हलका, वाफेबरोबर झटकन उडतो. गाठीतले रेणू जड, ते आढेवेढे घेत येतात, म्हणून भट्टी तासन्‌तास पेटती ठेवावी लागते. काळ्या चिकट जमिनीतून गाठ स्वच्छ निघणं हीच मुळात शिक्षा. वनस्पती पायलीला पन्नास आणि तेल मात्र दुर्मीळ, त्याचं कारण दुसरं काही नाही, मजुरी.

अत्तरवाल्याला ते हवं असतं त्याच्या जडपणासाठीच. मोगऱ्याचा वास अंगावर फार वेळ तग धरत नाही. त्याच्याखाली असा लाकडी, धुरकट वास असला की तो धरून राहतो. हल्ली ऊदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक महागड्या अत्तरांत खऱ्या अगरूच्या जागी नागरमोथ्याचं तेल पाया म्हणून असतं. मोगऱ्याच्या वाफ्यातून आपण जे उपटून फेकतो तेच मोगऱ्याला टिकवणारं निघालं, हे मावशींना सांगितलं तर त्या पुन्हा हसतील.

गंधोपचाराचं, म्हणजे अरोमाथेरपीचं, नाव रेने-मोरीस गॅटफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने 1937च्या आपल्या पुस्तकाने रूढ केलं. त्या जगात हे तेल 'मन स्थिरावणारं' म्हणून विकलं जातं. झोपेपूर्वी दिव्यावरच्या वाटीत दोन थेंब, किंवा दहा मिली तिळाच्या तेलात तीन-चार थेंब घालून तळपायाला. करून पाहायला हरकत नाही, वास खरोखर शांत करणारा आहे. पण चिंता जाते, निद्रानाश बरा होतो, अशा दाव्यांमागे माणसांवरच्या नीट चाचण्या फार थोड्या. निव्वळ तेल कातडीला लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये. काढ्यातला मोथा वेगळा आणि शंभर किलोंचा अर्क वेगळा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी यापासून लांबच राहिलेलं बरं.

केसांच्या बाबतीत तर मजाच आहे. आपल्याकडे नागरमोथा केसांच्या तेलात, केस वाढावेत म्हणून. अरब देशांत बायका हेच तेल अंगावरची लव कमी व्हावी म्हणून लावतात, आणि 2014 साली इजिप्तमध्ये 65 जणांवर झालेल्या चाचणीत काखेतले केस कमी करण्यात ते लेसरच्या तोडीचं ठरलं. तेव्हा डोक्याला लावायच्या महाग बाटलीवर पैसे घालण्याआधी जरा थांबा.

माझं मत विचाराल तर बाटलीची गरज नाही. उन्हाळ्यातल्या खोल नांगरटीत गाठी आपोआप वर येतात, तेव्हा पसाभर वेचून घ्या. धुऊन, पंधरा दिवस वाळवून उखळात भरडा आणि यंदाच्या उटण्यात घाला. उरलेल्या गाठी बांधावर मात्र टाकू नका. ओल धरून राहिलेली एक जरी गाठ तिथे पडली तरी पहिल्या पावसात पुन्हा उगवते.