समुद्रावरची साक्ष

तळहात भाजलेले दिसत होते. ते कसे भाजले, एवढाच प्रश्न होता. जानेवारी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने आश्रय मागायला निघालेल्या लोकांची एक बोट समुद्रातूनच इंडोनेशियाकडे परत पाठवली. किनाऱ्याला लागल्यावर त्यातल्या काहींनी सांगितले, की नौसैनिकांनी आम्हाला एंजिनाच्या तापलेल्या नळ्या धरायला लावल्या. ऑस्ट्रेलियाची सार्वजनिक प्रसारण संस्था ‘एबीसी’ने त्या हातांवर उपचार होत असल्याची दृश्ये दाखवली आणि देशभर वाद पेटला.

वाद मात्र हातांवर फार वेळ टिकला नाही. सरकारने आरोप साफ नाकारला. पंतप्रधान टोनी ॲबट यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत तक्रार केली, की ही संस्था सगळ्यांची बाजू घेते, फक्त आपल्या देशाची घेत नाही. निदान आपल्या नौदलाला तरी तिने संशयाचा फायदा द्यायला हवा होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एबीसीने आपल्या बातमीची शब्दरचना अधिक काटेकोर असायला हवी होती, असे मान्य करून खेद व्यक्त केला. ‘काय घडले’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे’ हा प्रश्न पुढे आला. स्वतंत्र चौकशीची मागणी सरकारने मानली नाही.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. २०१३ या एका वर्षात २० हजारांहून अधिक माणसे बोटींतून ऑस्ट्रेलियाला पोहोचली होती. त्याआधीच्या वर्षांत गळक्या, खचाखच भरलेल्या बोटी उलटून शेकडो लोक बुडाले होते. दलाल पैसे उकळत आणि माणसांना समुद्राच्या हवाली करत. बोटी रोखू, हे आश्वासन देऊन ॲबट निवडून आले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी ‘ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स’ ही मोहीम सुरू केली आणि तिची सूत्रे लष्करी अधिकाऱ्याकडे दिली. बुडणाऱ्यांचे प्राण वाचतील, हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही.

अडचण होती ती गुप्ततेत. समुद्रावर काय घडते याबद्दल बोलणार नाही, असे धोरणच सरकारने ठरवले होते. जिथे पत्रकार नाही, वकील नाही, कॅमेरा नाही, तिथे दोनच साक्षीदार उरतात : एक गणवेशातला आणि दुसरा ज्याच्याकडे कदाचित ओळखपत्रही नाही असा. दुसऱ्याची गवाही हलकी धरायची, हे मग आपोआप ठरून जाते.

याच समुद्राने २००१ मध्ये एक धडा दिला होता. त्या ऑक्टोबरमध्ये निवडणूक महिन्यावर आली असताना मंत्र्यांनी जाहीर केले, की नौदलाने अडवलेल्या बोटीवरच्या लोकांनी आपली मुले पाण्यात फेकली. देश हादरला. असले आईबाप आम्हाला आमच्या देशात नकोत, असा सूर उमटला. पुरावा म्हणून छायाचित्रेही आली. प्रत्यक्षात ती दुसऱ्या दिवशीची होती, बोट बुडाली तेव्हाची. पाण्यातल्या माणसांना वाचवायला ‘ॲडलेड’ या युद्धनौकेवरच्या नौसैनिकांनी समुद्रात उड्या घेतल्या होत्या. बचावाचे चित्र आरोपाचा पुरावा बनले.

हे खोटे उघडे पडले ते बऱ्याच अंशी गणवेशातल्या माणसांमुळेच. त्या वेळी संरक्षण दलांचे हंगामी प्रमुख असलेले अँगस ह्यूस्टन यांनी मतदानाच्या काही दिवस आधी संरक्षणमंत्र्यांना सांगितले होते, की मुले फेकल्याचा कोणताही पुरावा नाही. मतदारांपर्यंत ते पोहोचले नाही. पुढे सिनेटच्या समितीपुढे त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि २००२ मध्ये समितीने निष्कर्ष काढला : एकही मूल फेकले गेले नव्हते. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

२००१ मध्ये सरकारची गोष्ट खोटी ठरली, म्हणून २०१४ मधला आरोप खरा ठरत नाही. पण दावा सरकारचा असो वा आश्रय मागणाऱ्याचा, तो तपासल्याशिवाय मानू नये आणि तपासल्याशिवाय फेटाळूही नये, एवढे तरी त्यातून कळायला हवे होते. तपास करणे अशक्यही नव्हते. त्याच काळात ऑस्ट्रेलियाची जहाजे परवानगीविना इंडोनेशियाच्या हद्दीत शिरली होती. तेव्हा सरकारने माफी मागितली, चौकशी केली आणि असे सहा वेळा घडल्याचे जाहीर केले. पाण्यावरची रेषा ओलांडल्याचा हिशेब लागला, कारण विचारणारा एक शेजारी देश होता. भाजलेल्या हातांमागे कोणताही देश उभा नव्हता.

पनाह मागणाऱ्याचे ऐकून घेण्याची रीत जुनी आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाच्या भागात गेले. त्यांना परत न्यायला मक्केहून दूत नजराणे घेऊन आले. तिथला ख्रिस्ती राजा नजाशी याने, इस्लामी इतिहास सांगतो, आधी त्या परक्यांना दरबारात बोलावले, त्यांचे म्हणणे ऐकले आणि मग नजराणे परत केले. इन्साफाची सुरुवात ऐकून घेण्यापासून होते, हे त्याला माहीत होते.

आजच्या जगात ही रीत कायद्यात लिहिलेली आहे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलू नये. हा करार १९५४ मध्ये अमलात आला, तो ऑस्ट्रेलियाच्या मान्यतेने. आवश्यक सहा देशांतला तो सहावा होता.

चौकशी न होण्याचा तोटा दोघांनाही झाला. आरोप खोटा असेल, तर त्या नौसैनिकांवरचा डाग पुसला गेला नाही. खरा असेल, तर ज्यांचे हात भाजले त्यांना न्याय मिळाला नाही. सैनिकांचा मान राखायचा म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी २००१ आठवून पाहावे. त्या वेळी नौदलाची अब्रू राखली ती ‘असे घडलेच नाही’ हे मंत्र्याच्या तोंडावर सांगणाऱ्या अधिकाऱ्याने.