जबाब बाळगतो तो जबाबदार

श्रोतेहो, ‘बेजबाबदार’ हे विशेषण आपण दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला बहाल करतो. आज हा शब्द जरा उसवून पाहू.

त्याचे तीन तुकडे पडतात. ‘बे’ फारसी, अर्थ ‘विना’. ‘जबाब’ मूळचा अरबी ‘जवाब’, म्हणजे उत्तर. आणि ‘दार’ पुन्हा फारसी. घराचे दार वेगळे, ते ‘द्वार’वरून आले. हा ‘दार’ म्हणजे धरणारा, बाळगणारा. गंमत अशी, की या ‘दार’चे आणि संस्कृत ‘धृ’ धातूचे मूळ एकच. म्हणजे ‘फौजदार’मधला ‘दार’ आणि ‘गिरिधर’मधला ‘धर’ हे चुलतभाऊच!

आमच्या वऱ्हाडात १४९० मध्ये इमादशाही आली, मग मोगल, मग निजाम. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला. एवढ्या काळात दफ्तरातली फारसी शेतशिवारापर्यंत झिरपली. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही लोकांच्या तोंडी बसलेले कितीतरी शब्द टिकले. कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला, तो या नात्याचीच नोंद आहे.

मराठीने हे शब्द नुसते उसने घेतले नाहीत. ‘दार’ला तिने आपल्या घरचे सोबती दिले: चवदार, धारदार, पाणीदार. इराणातल्या माणसाला ‘चवदार’ कळणार नाही. कामरगावातल्या पोराला मात्र तो शिकवावा लागत नाही.

माझे नाव ऐकून काहीजण विचारतात, ‘तुम्ही मराठीत कसे लिहिता?’ मी म्हणतो, ‘तुम्ही जबाबदार म्हणता, तसेच!’

आता अर्थाकडे येऊ. इंग्रजीतल्या ‘रिस्पॉन्सिबल’च्या मुळाशीही लॅटिनमधले ‘उत्तर देणे’च आहे. संस्कृत वळणाचा ‘उत्तरदायी’ म्हणजे उत्तर देणारा. आपला ‘जबाबदार’ एक पाऊल पुढे जातो. विचारल्यावर उत्तर देणे वेगळे आणि कुणी विचारण्याआधीच ते जवळ बाळगणे वेगळे.

‘अपघाताला जबाबदार कोण?’ असे आपण विचारतो, तेव्हा बहुधा गुन्हेगार शोधत असतो. रस्ता बांधणारा, गाडी हाकणारा, मत देणारा यांनी आपापला जबाब आधीच जवळ ठेवला, तर तो प्रश्न विचारण्याची वेळ कमी वेळा येईल.