चार चाकांचा भरवसा

मुंबईहून दासगावास जावयाचे म्हणजे एके काळी बोटीचा प्रवास असे. सावित्रीच्या खाडीने आत येणारी बोट दासगावच्या बंदरास लागे आणि पुढे महाडपर्यंतची सुमारे पाच मैलांची वाट उरे. सन १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी सुमारे दोनशे सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने निघाले, ते याच बंदरात उतरले आणि तेथून महाडास गेले. धरमतरला उतरून मोटारीने जाण्याचा मार्ग होता. परंतु महाडकडील मोटारवाले सत्याग्रह्यांवर बहिष्कार घालण्याच्या बेतात असल्यामुळे ही वाट पत्करावी लागली. मोटार कोणाच्या हाती आहे, यावर माणसाचे जाणे-येणे अवलंबून राहण्याचे दिवस तेव्हाच सुरू झाले होते.

बोटींचा तो काळ मावळला. आज मुंबई-गोवा महामार्ग दासगावावरून जातो आणि गणपतीच्या दिवसांत त्यावर घरगुती गाड्यांची रीघ लागते. एकत्र कुटुंबात मोटार ही आता चैन राहिलेली नाही. तथापि गाडी आपल्या मालकीची झाली म्हणजे ती आपल्या स्वाधीन झाली, असे नव्हे. हा धडा ज्या प्रसंगाने आम्हांस मिळाला, तो प्रथम सांगतो.

आमचे राहणे पुण्यास आणि मूळ घर दासगावास. काही वर्षांपूर्वी गणपतीस निघालो तेव्हा गाडीत लहानमोठी सात माणसे आणि टपावर सामान होते. आठवडाभर आधी वहिनींनी मागच्या डाव्या टायरच्या कडेला आलेला लिंबाएवढा फुगा आम्हांस दाखविला होता. “परत आलो की बदलू,” असे म्हणून आम्ही तो विषय संपविला. ताम्हिणीचा घाट उतरलो, माणगाव गेले, लोणेरे मागे पडले. आता घर आलेच, असे म्हणतो तोच तो टायर फुटला. वडील बंधूंनी एकदम ब्रेक न दाबता चक्र घट्ट व सरळ धरून गाडीचा वेग आपोआप उतरू दिला, म्हणूनच ती कडेस उभी राहू शकली. पाऊस कोसळत होता. स्टेपनी काढून पाहतो तो तिच्यात हवाच नाही! सत्तरी ओलांडलेल्या आमच्या काकू दीड वर्षाच्या नातीला पदराखाली घेऊन दोन तास रस्त्याच्या कडेला बसून होत्या आणि त्यांच्यापासून चार हातांवरून मालमोटारी धावत होत्या.

कोणास इजा झाली नाही. दैवाने तारले, असे सर्वांनी म्हटले. परंतु जे काम आमचे होते ते आम्ही दैवावर टाकले होते, हे त्या दोन तासांत आम्हांस पुरते कळले. वहिनी एक अक्षरही बोलल्या नाहीत. ते न बोलणेच अधिक लागले.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय समजून घेण्यास लागलो. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. रबराच्या पोटात दोऱ्यांची वीण असते. खड्ड्यात चाक आपटून त्यातील काही दोरे तुटले, की आतील हवा तेथील रबरास बाहेर ढकलते आणि फुगा दिसू लागतो. तो दुरुस्त होत नाही. टायर बदलणे, आणि तेही निघण्यापूर्वी बदलणे, हाच त्यावर उपाय होय.

पेट्रोल पंपावर “किती हवा?” या प्रश्नास आपण सवयीने “बत्तीस” असे उत्तर देतो. हे बत्तीस म्हणजे दर चौरस इंचास ३२ पौंडांचा दाब. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. बाराशे किलोंची गाडी चार चाकांवर समान उभी आहे असे धरले, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो येतात. त्यांस सव्वादोनाने भागिले, की सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे हाताच्या पंजाएवढाच काय तो टायरचा भाग जमिनीस टेकलेला असतो. घरची सारी माणसे घाटातील वळणावर अशा चार पंजांच्या भरवशावर असतात!

ही हवा टायर थंड असताना मोजावयाची असते. गाडी दोन-तीन तास उभी राहिलेली असावी. चालून तापलेल्या टायरचा दाब तीन-चार पौंड अधिक दिसतो. तो पाहून हवा सोडणे चूक होय. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही’ असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, त्या वाकण्याने उष्णता वाढते आणि शेवटी वीणच सुटू लागते. शिवाय चालकाच्या दाराजवळील पट्टीवर बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. कोकणात सहकुटुंब निघताना दुसरा आकडा पाहावयाचा, हे आम्हांस ठाऊकच नव्हते.

पावसाळी रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूस सारतात. आपल्याकडील नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचेत मधूनमधून आडवे उंचवटे असतात. झिजता झिजता रबर त्यांच्या पातळीस आले की त्या टायरची मुदत संपली. मात्र कोकणच्या पावसात त्या मर्यादेपर्यंत थांबूच नये. वेगात पाणी बाजूस न सरता टायरखाली शिरते आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. मग ना ब्रेक लागतो, ना चाक वळते. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेने १९६० च्या सुमारास विमानांच्या टायरांवर प्रयोग करून या तरंगण्याचे गणित बसविले. त्यानुसार ३० पौंड दाबास हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो, तर २० पौंडांस अवघा ७५. मोटारीचा टायर झिजलेला असेल, तर याहून कमी वेगातही घात होऊ शकतो.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते. तिचे वय आणि हवा इतर चौघांबरोबरच तपासावी.

येथवरची कामे कोणासही करता येतील. हवा मोजण्याचे साधन स्वस्त मिळते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणपाण्याचा थेंब सोडावा, बुडबुडे आले तर तेथून हवा गळते असे समजावे. आणि येथेच दुसऱ्या झडपेची गोष्ट येते. टायरच्या या झडपेस आपण व्हॉल्व्ह म्हणतो, तसेच इंजिनातील झडपेसही म्हणतो. दोहोंचे मर्म एकच: बंद होताना ती पूर्ण बंद झाली पाहिजे.

इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता त्यातील प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास २५ वेळा उघडतो आणि मिटतो. जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लाल होण्याइतका तापतो, आणि आपल्या बैठकीस टेकला म्हणजेच ती उष्णता बाहेर टाकू शकतो. तापल्यावर त्याची लांबी वाढते. त्यासाठी टॅपेटपाशी अगदी बारीक फट ठेवलेली असते, बहुधा मिलिमीटरचा एक ते चार दशांश. फट फार मोठी झाली तर इंजिन टकटक वाजते. ती नाहीशी झाली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, त्याची कड जळते आणि गाडी चढावर दम टाकू लागते. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मुके टॅपेट अधिक घातक, ही म्हणून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दासगावच्या घरी आजोबांची जुनी अँबॅसडर आहे. या गाडीचे उत्पादन सन २०१४ मध्ये थांबले; परंतु हात शिकविण्यास तिच्यासारखी गुरू नाही. आमच्या पुतण्याने एका सुटीत तिची टॅपेटे स्वतः लावली. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनात आठ व्हॉल्व्ह असून त्यांस नवाचा सोपा नियम लागतो: पहिला पूर्ण उघडा असता आठव्याची फट पाहावयाची, दुसरा उघडा असता सातव्याची, म्हणजे बेरीज नेहमी नऊ. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जाडीचे फीलर गेजचे पाते फटीत घालावे. ते किंचित अडून सरकले पाहिजे. मग स्क्रू धरून नट आवळावा आणि पाते पुन्हा घालून पाहावे. इंजिन थंड असावे की गरम, हेही पुस्तकाप्रमाणेच.

हे साधल्यावर त्याचा हुरूप वाढला आणि व्हॉल्व्ह घासून बसविण्यासाठी त्याने हेडच उतरविले. घासणे जमले, परंतु हेडचे नट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने आवळावयाचे असतात, हे त्यास ठाऊक नव्हते. गॅस्केट गेले आणि अखेर महाडहून मिस्त्री आणावे लागले. ते हसून म्हणाले, “टॅपेटं लावलीत ती बरोबर लावलीत. थांबायचं कुठं, तेवढं चुकलं.” आजच्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. कित्येकांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळते, तेथे लावण्यासारखे काही नसतेच. आणि टायमिंगच्या पट्ट्याची एक चूक झाली, तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. ऐकावे आपण, उघडावे मिस्त्रींनी.

न करण्यातही शहाणपण असते, याचे दुसरे उदाहरण पुराचे. सन २०२१ च्या जुलैत महाडात सावित्रीचे पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेली गाडी ओसरताच चालू करून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. इंजिनात पाणी राहिले असेल, तर ते वायूसारखे दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. बॅटरी सोडवून गाडी ओढत न्यावी, हेच बरे.

सर्वच संकटे आपल्या हाती नसतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. तेथे कोणाचे टायर कसे होते, हा प्रश्नच उरला नव्हता. परंतु जे आपल्या हाती नाही त्याचे दाखले देऊन, जे हाती आहे ते टाळावे काय?

आता निघण्याच्या आदल्या सायंकाळी पुतण्या पाचही चाकांपाशी बसून हवा मोजतो आणि वहिनी आकडे वहीत उतरवून घेतात. ती वही पंचांगाशेजारी ठेवलेली असते. मुहूर्त पाहून झाला, की काकू स्वतःच विचारतात, “आणि वहीत काय म्हटलंय गं?” वहिनींनी मान डोलाविल्यावाचून आमच्या घरची गाडी आता फाटकाबाहेर पडत नाही.