काहींच्या दुर्बलतेखातर

बेलहारच्या विश्वासांगीकाराला २०२६ मध्ये चाळीस वर्षं होत आहेत. बेलहार हे केपटाउनच्या कडेचं उपनगर. वर्णभेदी कायद्याने ज्यांना ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय ठरवलं, त्यांची ही वस्ती. तिथे भरलेल्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चच्या परिषदेने १९८२ साली एक मसुदा मांडला आणि १९८६ साली तो आपला विश्वासांगीकार म्हणून स्वीकारला. या मजकुराची आठवण समाधानाने काढावी, असे सध्याचे दिवस नाहीत. मे २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेतले साठेक गोरे आफ्रिकानर निर्वासित म्हणून विमानाने आणले. जगभरच्या इतर निर्वासितांसाठी दार जवळजवळ बंद होतं, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने त्यांचं पुनर्वसन करायला नकार दिला आणि सरकारबरोबर दशकानुदशकं चाललेलं काम थांबवलं. त्यावर, दयेला रंग नसतो, मग या लोकांनाच मदत का नाही, असा सवाल ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांकडूनच आला. हा सवाल निरागस वाटतो, पण त्याला जुना इतिहास आहे. वंशभेदाला चर्चमध्ये जागा मिळाली, ती द्वेषाच्या भाषेमुळे नव्हे. ती मिळाली सौजन्याच्या, समजूतदारपणाच्या भाषेमुळे.

१८५७ साली केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या परिषदेपुढे प्रश्न होता तो प्रभुभोजनाचा. गोऱ्या सभासदांनी काळ्या व मिश्रवंशीय ख्रिस्तीजनांबरोबर एकाच मेजाभोवती यावं की नाही? परिषदेने आधी स्पष्ट मान्य केलं, की सगळ्यांनी एकाच मंडळीत असणं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. मग पुढचं कलम जोडलं: काहींच्या दुर्बलतेमुळे ते जमत नसेल, तर परराष्ट्रीयांमधून आलेल्यांची उपासना वेगळ्या इमारतीत घ्यावी. दुर्बल कोण, तर ज्यांना शेजारी काळा माणूस बसलेला सोसत नव्हता ते. सोसत नव्हतं एकाला आणि उठून बाहेर जावं लागलं दुसऱ्याला. सत्य ठाऊक असूनही केलेली ही सवलत होती, म्हणूनच ती मला उघड द्वेषापेक्षा जास्त घातक वाटते. पुढची शंभर वर्षं भरभर ओलांडता येतात, कारण त्यांत नवं काही घडलंच नाही. सवलतीची रीत झाली आणि रीतीचं धर्ममत झालं. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं, पुढे काळ्यांसाठी निघालं आणि १९६८ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांसाठीही. १९४८ साली वर्णभेदाचं धोरण घेऊन सत्तेवर आलेले डी. एफ. मलान हे याच चर्चचे माजी पाळक. बाबेलच्या बुरुजाच्या कथेतून, देवालाच माणसं वेगवेगळी हवी आहेत, असा अर्थ काढला गेला. याच चर्चच्या १९७४ च्या अहवालात हे सगळं विद्वत्तेच्या भाषेत नीट मांडलेलं सापडतं.

विरोध झालाच नाही, असं नाही. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसं मेली. त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटस्लो इथे चर्चप्रतिनिधी जमले आणि त्यांनी वर्णभेदाच्या काही आधारांवर बोट ठेवलं. पंतप्रधान फेरवूर्ड संतापले, आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या परिषदांनी आपल्याच प्रतिनिधींचा शब्द मोडला. त्या प्रतिनिधींपैकी बेयर्स नॉडे मात्र मागे हटले नाहीत. त्यांचे वडील आफ्रिकानर ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी, ते स्वतःही तिचे सभासद. १९६३ मध्ये त्यांनी ते सगळं सोडलं, पाळकपदही गेलं, आणि ख्रिश्चन इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९७७ मध्ये सरकारने संस्थेवर आणि त्यांच्यावरही बंदी घातली. नॉडेंबद्दल आदर बाळगूनही म्हणावं लागतं, की या दोन दशकांत चर्चचा विरोध मुख्यतः सद्‌सद्विवेकाच्या पातळीवर राहिला. धोरण वाईट आहे, अन्यायकारक आहे, असं म्हटलं जाई. आणि धोरणाबद्दल सज्जनांमध्येही मतभेद असू शकतात, असं उत्तर तयार असे.

ते उत्तर ऐंशीच्या दशकाने काढून घेतलं. ऑगस्ट १९८२ मध्ये कॅनडातल्या ओटावाला सुधारित चर्चच्या जागतिक आघाडीची महासभा भरली. दक्षिण आफ्रिकेतल्या काही प्रतिनिधींनी तिथल्या प्रभुभोजनात भाग घ्यायला नकार दिला. मायदेशी ज्यांच्या मेजावर आपल्याला जागा नाही, त्यांच्याबरोबर परदेशातच तेवढी भाकर मोडायची आणि एकी झाली म्हणायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. १८५७ मध्ये प्रश्न ज्या मेजावर सुरू झाला, त्याच मेजावर तो परत आणून ठेवला गेला. महासभेने जाहीर केलं, की वर्णभेद हे पाप आहे आणि त्याचं शास्त्राच्या आधारे समर्थन करणं हे पाखंड आहे. दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित झालं आणि मिशन चर्चचे अ‍ॅलन बुसाक अध्यक्ष झाले. ‘पाखंड’ हा शब्द आधुनिक माणसाच्या कानाला खटकतो, पण त्याने झालेलं काम नीट पाहायला हवं. पाप म्हटलं की कबुली, क्षमा आणि पुन्हा तेच, हे चक्र चालू राहतं. पाखंड म्हटलं की प्रश्न येतो, तुम्ही जे शिकवता ते शुभवर्तमान तरी आहे का? बेलहारने हाच प्रश्न एकी, समेट आणि न्याय या तीन अंगांनी मांडला. रंगावरून माणसांना वेगळं ठेवणारी शिकवण म्हणजे ख्रिस्ताने समेट केलाच नाही असं म्हणणं, असा त्याचा युक्तिवाद. आणि देव गरिबांच्या, दडपलेल्यांच्या बाजूला विशेष करून उभा राहतो, हे वाक्य तर कित्येकांना आजही गिळवत नाही.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये, आणीबाणी जाहीर झालेली असताना, कैरोस दस्तऐवज निघाला. त्यावर चर्चमधल्या दीडशेहून अधिक जणांच्या सह्या होत्या. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दाखवून सत्तेपुढे मान तुकवायला सांगणारं ‘शासनाचं ईश्वरविज्ञान’ त्याने झोडलंच. सत्ता श्वापद होते तेव्हा काय करायचं, यासाठी प्रकटीकरणाचाही तेरावा अध्याय आहे, याची आठवणही दिली. पण त्याचा खरा घाव बसला सभ्य, उदारमतवादी चर्चवर. दोन्ही बाजूंनी समेट करावा, असं हे चर्च सांगत असे, जणू बूट आणि बुटाखालचा हात यांच्यात फक्त गैरसमज झाला आहे. न्यायाआधी समेट मागणं म्हणजे जुलमाची मुदत वाढवणं, हे कैरोसने लेखी सांगितलं. त्या वेळी इंग्रजी बोलणाऱ्या चर्चमधल्या ज्यांनी या दस्तऐवजाला भडक म्हणून बाजूला सारलं, त्यांच्यापैकी अनेकांनी १९९४ नंतर त्याचे गोडवे गायले. मधल्या वर्षांत आपण कुठे होतो, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, वर्णभेद पडला तो आर्थिक निर्बंध, संप, रस्त्यावरची लढाई आणि शीतयुद्धाची समाप्ती यांमुळे, कागदांमुळे नव्हे. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्या राजवटीला बंदुकीइतकीच आपण देवाच्या बाजूचे असल्याची खात्रीही लागत होती, आणि ती खात्री कुठलेही निर्बंध काढून घेऊ शकत नव्हते. कागद निरुपद्रवी असते, तर ऑगस्ट १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेचं कार्यालय असलेलं खोत्सो हाउस सरकारी यंत्रणेने बॉम्बने उडवलं नसतं. दुसरा आक्षेप, पाखंडी ठरवलं की बोलणंच खुंटतं. प्रत्यक्षात उलट घडलं. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्गला भरलेल्या चर्चच्या परिषदेत स्टेलनबॉशचे प्राध्यापक विली यॉन्कर उठले आणि त्यांनी स्वतःच्या, आपल्या चर्चच्या आणि आफ्रिकानर समाजाच्या वतीने अपराध कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी तो कबुलीजबाब तिथल्या तिथे स्वीकारला. माजी राष्ट्राध्यक्ष बोथांनी फोन करून निषेध नोंदवला. अपराधाला नाव मिळालं होतं, म्हणून कबुलीला जागा झाली.

तिसरा आक्षेप, हे सगळं प्रतीकात्मक आहे. त्याचं उत्तर एका घमेल्यात आहे. चर्च परिषदेचे सरचिटणीस फ्रँक चिकाने यांच्या सामानातल्या कपड्यांना १९८९ मध्ये विष लावण्यात आलं. ते मरता मरता वाचले. २००६ साली माजी पोलीसमंत्री आद्रियान फ्लॉक प्रिटोरियाला त्यांच्या कार्यालयात गेले आणि घमेल्यात पाणी घेऊन त्यांचे पाय धुतले. अनेकांनी याला नाटक म्हटलं. प्रकरण तेवढ्यावर थांबलं असतं, तर मीही म्हटलं असतं. पुढच्या वर्षी फ्लॉक न्यायालयात उभे राहिले आणि गुन्हा कबूल करून स्थगित शिक्षा घेऊन बाहेर आले. शिक्षा तोकडी होती, सगळी नावं बाहेर आलीच नाहीत, याबद्दलची चीड रास्त आहे. तरी पाय धुणं आणि गुन्ह्याची कबुली यांची सांगड बसली, आणि समेटाची एवढी तरी किंमत मोजावी लागतेच.

त्या दशकातलं आज काय उरलं? १९९४ मध्ये मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च एक झाली आणि त्यांनी बेलहारला आपला पाया केलं. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये मात्र बेलहार घटनेत घेण्याचा प्रस्ताव विभागीय परिषदांच्या मतदानात दोन तृतीयांश मतांअभावी अडकला. अमेरिकेत रिफॉर्म्ड चर्चने २०१० मध्ये आणि प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये बेलहार स्वीकारला, तो तिथे गटचर्चांत वाचला जातो, कार्यशाळांत शिकवला जातो. शिकणं वाईट नाही. पण वंशभेद आता पूर्वग्रह, संवेदनशीलता, प्रशिक्षण या शब्दांत विरघळला आहे. दोन तासांच्या सत्रानंतर प्रमाणपत्र मिळतं, आणि वेगळ्या वस्तीतली वेगळी मंडळी रविवारी पुन्हा वेगळीच भरते. ज्यांनी हा मजकूर घडवला त्यांच्याही हातून तो निसटला. समलिंगी व्यक्तींनाही बेलहारचाच न्याय लावा, असं बुसाकांनी २००८ मध्ये आपल्या चर्चला सांगितलं, ते नाकारलं गेलं आणि त्यांनी सगळी पदं सोडली.

आपल्याकडे वर्णभेदाचा धिक्कार नेहमीच सोपा होता. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण बेलहारच्या मसुद्याआधी वर्षभर, १९८१ मध्ये, महाराष्ट्रातले अरविंद निर्मळ यांनी बंगळुरूच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयात मांडलं होतं, की भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञान वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानात अडकलं आहे आणि चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचं दुःख त्यात कुठेच नाही. त्यातून दलित ईश्वरविज्ञान उभं राहिलं, त्याचे अभ्यासक्रम झाले, पुस्तकं झाली. जात म्हणजे वंश नव्हे, हे आक्षेपकांचं म्हणणं समाजशास्त्र म्हणून मान्य करता येईल. पण बेलहारने वंशशास्त्राचा वाद घातलाच नव्हता; एका मेजावर बसायला जे आड येतं, ते शुभवर्तमानाला नाकारतं, एवढंच त्याचं म्हणणं. ख्रिस्ती वधूवरांच्या जाहिरातींत आजही मूळची जात विचारली जाते. तमिळनाडूत ख्रिस्ती कब्रस्तानांत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिलेली आहे. ती पाडायचं म्हटलं की सांगितलं जातं, तत्त्व मान्यच आहे, पण लोकांची अजून तयारी नाही, त्यांना थोडं सांभाळून घ्यायला हवं.