उंटाचा बळी आणि यंत्राची परीक्षा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. शिकत असताना एकदा ते सरकारी परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर येथून साताऱ्यापर्यंत पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्री. परीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पुरी हवीत असा नियम होता. कर्व्यांची ती झालेली होती, पण अंगकाठी लहानखुरी. मुलगा सतराचा दिसत नाही, एवढ्यावरून अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. पुढे हेच कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

गेल्या उन्हाळ्यात मुरुडला एका स्नेह्यांच्या ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसलो असताना मला ही गोष्ट आठवली. का आठवली ते पुढे कळेलच. आधी तुम्हीही पट काढा आणि पुढील मोहरी मांडा. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी असे करत एचपर्यंत नावे द्यायची आणि घरे पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजायची, हे तुम्हाला माहीत असेलच.

पांढरा: राजा जी-१, उंट सी-३, प्यादी जी-२ आणि एच-४.
काळा: राजा ई-६, उंट एफ-५, प्यादी ए-४, डी-५, एफ-६ आणि जी-६.
खेळी काळ्याची.

ही स्थिती खऱ्या डावातली आहे. १९९८ साली स्पेनमधील लिनारेस येथील स्पर्धेत बल्गेरियाचा टोपालोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि काळी मोहरी होती शिरोव्हकडे. काळ्याची दोन प्यादी जास्त आहेत. पण एकाचा उंट काळ्या घरांतून फिरणारा, दुसऱ्याचा पांढऱ्या घरांतून. अशा डावांत दोन प्याद्यांची आघाडीसुद्धा पुष्कळदा पुरत नाही, कारण पांढऱ्याने अडवलेल्या काळ्या घरांवर काळ्याचा उंट हल्लाच करू शकत नाही.

ओटीवर शाळेत जाणारी चार-पाच मुले होती. एकाने डी-प्यादे पुढे ढकलले. एका मुलीने बराच विचार करून उंट ई-४ वर नेला. तिची चाल वाईट नव्हती. शिरोव्हने मात्र सत्तेचाळिसाव्या खेळीला आपला उंट एच-३ वर नेऊन ठेवला, म्हणजे सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात! बुद्धिबळाच्या इतिहासातल्या अतिशय गाजलेल्या खेळ्यांमध्ये हिची गणना होते.

या खेळीमागचे गणित असे. काळ्याला आपला राजा एफ-५ वरून ई-४ वर न्यायचा आहे. तेथून तो ए आणि डी या प्याद्यांना वजीर व्हायला मदत करील. पण एफ-५ वर त्याचाच उंट बसला आहे. तो उंट हलवायला एक खेळी लागते आणि तेवढ्यात पांढरा राजा एफ-२, ई-३ असा येऊन वाट अडवतो. म्हणून उंट अशा घरी हलायला हवा, की जी-२ च्या प्याद्यावर हल्ला होऊन पांढऱ्याला त्यात गुंतावे लागेल. ई-४ वरून हल्ला होतो, पण मग राजाला हवे असलेले घरच अडते. जी-२ वर हल्लाही होईल आणि ई-४ मोकळेही राहील, असे घर एकच: एच-३.

पुढे काय झाले ते पटावर खेळून पाहा. ४८) जी-प्याद्याने उंट मारला, काळा राजा एफ-५, ४९) पांढरा राजा एफ-२, काळा राजा ई-४, ५०) पांढऱ्या उंटाने एफ-६ चे प्यादे मारले, काळे प्यादे डी-४, ५१) उंट ई-७, राजा डी-३, ५२) उंट सी-५, राजा सी-४, ५३) उंट ई-७, राजा बी-३. येथे टोपालोव्हने डाव सोडला. का सोडला, हे अजून पाच खेळ्या खेळलात तर दिसेल: ५४) उंट सी-५, प्यादे डी-३, ५५) राजा ई-३, राजा सी-२, ५६) उंट बी-४, प्यादे ए-३! बिचाऱ्या एका उंटाने दोन टोकांची दोन प्यादी किती वेळ सांभाळायची? ५७) उंटाने ए-३ चे प्यादे मारले, तर दुसरे डी-२ वर येते आणि ५८ व्या खेळीला वजीर होते.

आता संगणकाकडे वळू. प्रोग्राम मुळात एकच काम करतो: मी ही चाल केली तर तो काय करील, मग मी काय करीन, असे पुढे पुढे जायचे आणि शेवटी आलेल्या स्थितीला गुण द्यायचे. प्याद्याला साधारण १, उंटाला ३ अशी त्याची ढोबळ मोजणी असते. क्लॉड शॅननने या पद्धतीची मांडणी १९५० सालच्या आपल्या निबंधात केली होती. आमच्या पटावर काळ्याला नियमात बसणाऱ्या चाली किती? मोजा: राजाच्या ४, उंटाच्या ६, प्याद्यांच्या ३. एकूण १३. उंटाच्या बळीपासून वजीर होईपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून २३ चाली होतात. प्रत्येक वेळी १३ च पर्याय धरले तरी १३ चा २३ वा घात, म्हणजे ४ वर २५ शून्यांहूनही मोठी संख्या! सेकंदाला दहा लाख स्थिती पाहणाऱ्या यंत्राला याला सुमारे एक लाख तीस हजार कोटी वर्षे लागतील.

सुदैवाने सगळेच पाहावे लागत नाही. माझ्या एका चालीला समोरच्याकडे एक नामी उत्तर आहे असे कळले, की त्याची बाकीची उत्तरे तपासण्यात अर्थ नसतो. या युक्तीला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात. क्नुथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये तिचे सविस्तर गणित मांडले. चाली नेहमी उत्तम क्रमाने तपासल्या गेल्या तर आपल्या उदाहरणात १३ चा १२ वा घात अधिक १३ चा ११ वा घात, म्हणजे सुमारे २५ लाख कोटी स्थिती उरतात. त्याच यंत्राला २९० दिवस. वर्षांचे दिवस झाले, तरी डावाच्या घड्याळाला ते परवडणारे नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा तीच स्थिती आली तर जुने उत्तर वापरणे, अशा आणखी युक्त्यांनी हे काम पुष्कळ घटते.

पण एक युक्ती धोक्याची आहे. प्रोग्राम चालींची रांग लावतो. आशादायक दिसणाऱ्या पुढे, निरुपयोगी दिसणाऱ्या मागे. आणि मागच्यांना थोडेसेच खोल तपासून सोडून देतो. प्याद्याला फुकट उंट देणारी चाल कुठे उभी राहणार? अगदी शेवटी! दिसण्यावरून उमेदवाराला दारातून परत पाठवणारे ते अधिकारी आठवले ना? त्यातून, प्रोग्राम जितके खोल पाहतो त्याच्या पलीकडे जे घडते ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. हान्स बर्लिनर यांनी याला क्षितिजाचा दोष म्हटले. उंट गेला हे क्षितिजाच्या अलीकडे, प्याद्याचा वजीर झाला हे पलीकडे. म्हणूनच त्या काळच्या भल्याभल्या प्रोग्रामांना ही चाल सुचत नसे आणि ही स्थिती प्रोग्रामांची कसोटी म्हणून प्रसिद्ध झाली.

"मोबाइललाच विचारू या की!" ओटीवरचा एक मुलगा म्हणाला. विचारले. प्रोग्रामने आधी दुसरीच चाल दाखवली, मग थोड्या वेळाने उंट एच-३ वर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र जरा खट्याळपणे विचारले, याने उत्तर शोधले की याला ते पाठ होते?

हा प्रश्न पोरकट नाही. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. शेवटच्या, सहाव्या डावात यंत्राने आठव्या खेळीलाच ई-६ वर घोड्याचा बळी दिला. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहणारे ते यंत्र, पण ती चाल त्याने पटावर शोधलेली नव्हती. सुरुवातीच्या चालींच्या साठ्यात माणसांनी ती आधीच भरून ठेवली होती. बरोबर उत्तर आले म्हणजे गणित येते असे नाही, हे तुमच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मग पाठांतर कसे पकडायचे? आरशाने! डावीकडचे सारे उजवीकडे न्या. काळा राजा डी-६, उंट सी-५, प्यादी एच-४, ई-५, सी-६, बी-६. पांढरा राजा बी-१, उंट एफ-३, प्यादी बी-२ आणि ए-४. किल्लेकोटाचा प्रश्न नसल्यामुळे डाव तंतोतंत तोच राहतो, मात्र ओळखीचा चेहरा बदलतो. आमच्या प्रोग्रामने येथेही उंट ए-३ वर नेला. म्हणजे तो हिशेब करत होता.

तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. बळी देण्याची नुसती खोड असलेला प्रोग्रामही या परीक्षेत पहिला येईल. प्रयोगशाळेत आपण एक परीक्षानळी मुद्दाम तशीच ठेवतो ना, तशी येथेही हवी. म्हणून मूळ स्थितीत फक्त पांढरा राजा जी-१ ऐवजी एफ-२ वर ठेवला. आता उंट एच-३ वर नेला की प्यादे त्याला मारते, काळा राजा एफ-५ वर येतो, पण पांढरा राजा ताबडतोब ई-३ वर! ई-४ बंद आणि उंट हकनाक गेला. येथे प्रोग्रामने उंट एच-३ वर नेला नाही. मग कुठे मला त्याला गुण द्यावेसे वाटले.

तरीही हे एका प्रश्नाचेच गुण. इव्हान ब्राट्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कसोटीत २४ स्थिती होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत मारामारी नव्हतीच, प्याद्यांची रचना समजते का एवढेच पाहायचे होते. मला ही त्यांची निवड फार आवडते. बळींच्या दिमाखदार स्थितींवरच प्रोग्राम घासूनपुसून तयार केला, तर रोजच्या शांत डावात तो हरू लागला तरी आपल्या ध्यानात येणार नाही.

तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर दोन गोष्टी पाळा. दर वेळी प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू करा, नाहीतर आधीच्या फेरीत साठवलेली उत्तरे तो वापरील. आणि चाल दिसताच घड्याळ थांबवू नका. तिच्यापुढचे गुण वाढत जातात का आणि तो त्या चालीवर टिकून राहतो का, हेही वहीत टिपा.

पट आवरत होतो, तेवढ्यात ई-४ ची चाल सुचवणाऱ्या त्या मुलीने पांढरा राजा उचलून एच-१ वर ठेवला आणि म्हणाली, "काका, हा आणखी एक घर लांब असता तर? तेव्हाही उंट द्यावाच लागतो, की माझ्या चालीनेही काळा जिंकतो?" तसे असेल तर परीक्षेसाठी ही स्थिती बाद, कारण प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे झाली. आम्ही पट पुन्हा मांडला. तुम्हीही मांडा, आणि मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवा.